कॅलेंडरावरच्या पेन्सिलीच्या वेळा

एवढी वर्षं झाली, तरी मिसिंगचं ते एक प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. नोकरीत मी खून बघितले, दरोडे बघितले, जळालेल्या सुनांचे जबाब दवाखान्यात बसून लिहून घेतले. त्यातलं बरंच विसरले. या प्रकरणात कोणी मेलं नाही, कोणाला शिक्षा झाली नाही, तरी हे राहिलं. नावं कोणाचीच लिहीत नाही. ती माणसं अजून आहेत आणि त्यांना त्यांचं जगू द्यावं.

मी काही मोठी अधिकारी नव्हते. सातवी शिकलेली बाई. नवरा पोलिसात होता, नोकरीत असतानाच वारला, त्याच्या जागेवर मला घेतलं. शिपाई म्हणून लागले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. माहेर अहमदपूर तालुक्यातलं, नोकरी सगळी नांदेड जिल्ह्यात. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं तेव्हा मी केळीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्यात होते.

सकाळी दहाची वेळ. ठाणे अंमलदार म्हणून मीच टेबलावर होते. पस्तिशीचा एक शेतकरी आला. पायाला चिखल, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. उभाच राहिला.

"बाई, बायको न्हाई सापडून राहिली."

"कधीपासून?"

"काल पहाटपासून."

"काल पहाटेपासून, आणि आज दहा वाजता आलास? रात्रभर काय केलंस?"

"शोधून राहिलो की. समदी केळी पालथी घातली, पाव्हण्याकडं गेलो."

"भांडण झालं होतं?"

"न्हाई."

आमच्याकडं 'न्हाई' म्हणणाऱ्या दहा नवऱ्यांपैकी नऊ खोटं बोलतात. मी मान वर न करता लिहून घेतलं. वय, उंची, रंग, अंगावरचे कपडे, दागिने. माहेर विचारलं तर त्यानं रायगडकडच्या एका खाडीकाठच्या गावाचं नाव सांगितलं. मी पेन थांबवलं.

"तिकडची बायको तुला कशी मिळाली?"

तो लग्नाआधी दोन वर्षं तिकडं रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवायला होता. ती आणि तिची आई लहान होडीतून खाडीत मासे धरून विकायच्या. जुळलं, लग्न झालं, तो तिला घेऊन गावी आला. सहा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. घरात नवरा, बायको आणि त्याची आई, एवढी तीन माणसं. पाच एकर रान, त्यात केळी.

मिसिंग दाखल केली, बिनतारी संदेश दिले, फोटो पाठवला. तिच्या माहेरच्या हद्दीतल्या ठाण्याला कळवलं. तिच्या आईकडं फोन नव्हता. शेजाऱ्याच्या फोनवर नवऱ्यानं माझ्यासमोर दोनदा लावला. "नाय आली इथे," एवढं बोलून समोरून बंद. तीन दिवसांनी तिकडच्या ठाण्याचं उत्तर आलं, की दोन वेळा घरी जाऊन खात्री केली, घर बंद मिळालं, सदर महिला आढळून आली नाही.

इथपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. चौथ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. माणूस त्याच गावचा असावा. म्हणाला, "मूलबाळ न्हाई म्हणून काढली तिला वाटेतून. विहीर बघा. आन् त्याचा शर्ट बघा."

आमचे पीएसआय तरुण होते, घाटावरचे, थेट भरतीचे. हुशार होते आणि घाई फार. विहिरीवर दोन मोटारी लावल्या. सगळं गाव काठावर गोळा झालं. नवरा एका बाजूला उभा होता. पाणी खाली जाईल तसा तो आत बघत होता, आणि मी त्याच्याकडं बघत होते. खून करून विहिरीत टाकणारा माणूस पाण्याकडं तसं बघत नाही. तो लोकांकडं बघतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण मी असे तीन-चार बघितले आहेत.

विहिरीत गाळ निघाला, एक घागर निघाली, बाकी काही नाही.

मग शर्ट. खुंटीवरून काढला, तर छातीवर आणि बाहीवर काळपट तांबडे डाग. पीएसआयसाहेबांचे डोळे मोठे झाले. पंच बोलवा, पिशवी आणा.

मी म्हणाले, "साहेब, हा केळीचा चीक आहे."

"कशावरून?"

"या गावातला कुठलाही शर्ट बघा."

जमलेल्या पंचांनी मान खाली घालून आपापल्या बाह्या बघितल्या. सगळ्यांच्या तशाच होत्या. एक जण म्हणाला, "साहेब, मग आम्हाला समद्यालाच धरा." लोक हसले. साहेबांनी तरीही शर्ट जप्त केला. प्रयोगशाळेला पाठवतो म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. अंदाजावर सोडून देता येत नाही.

त्याच दिवशी स्वयंपाकघरात ते कॅलेंडर सापडलं. भिंतीवरचं साधं कॅलेंडर. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं बारीक वेळ लिहिलेली. ३.४५, ४.३०, ५.१५, ६. अशा रोजच्या वेळा. ती गेली त्याच्या पुढच्याही तारखांना महिना अखेरपर्यंत वेळा लिहून ठेवलेल्या.

पीएसआय म्हणाले, "सापडलं. भेटायच्या वेळा आहेत या. पुढच्यासुद्धा ठरलेल्या आहेत. कोणीतरी बाहेरचा आहे ज्याच्या ड्युटीची वेळ रोज बदलते. नवऱ्याला कळलं असणार. कारण मिळालं."

तिच्या सासूला मी विचारलं, "या वेळा कशाच्या?"

म्हातारी गुडघे धरून उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "मला काय माईत माय. मला वाचता येत न्हाई. दर म्हैन्याला नवीन पान उलटलं की पेन्सिल घिऊन बसायची. मी म्हणायची, देवाचं नाव घे, काय गिरगोटून राहिलीस? तर हसायची."

"तुमचं तिचं पटायचं का?"

"घरात मासळी शिजवू देत न्हवते, येवढंच. बाकी लेकरू लई गुणाचं. काम वाघिणीसारखं." मग गुडघा चोळत म्हणाली, "मला रोज रातीला गुडघ्याला तेल लावायची. आता कोण लावून राहिलंय?"

कॅलेंडर पुरावा म्हणून ठाण्यात आणलं. नवऱ्याला ते दाखवलं नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याला पुरावा आधी दाखवायचा नसतो, हा साहेबांचा नियम. त्याला रोज सकाळी ठाण्यात हजेरी लावली. दिवसभर बाकावर बसवायचं, मधूनमधून आत घेऊन तेच तेच विचारायचं. तोही तेच तेच सांगायचा. तिसऱ्या दिवशी साहेब मला म्हणाले, "बाई, आज संध्याकाळपर्यंत कबूल नाही झाला तर गुन्हा दाखल करून अटकच करतो. वरून रोज फोन येतोय."

म्हणजे ती बाई जिवंत असेल तर ती लवकर सापडायला हवी होती. नाही तर शर्टावरच्या चिकापायी एक माणूस आत जाणार होता.

दुपारी बीट अंमलदारानं खबर आणली. केळी भरायला येणाऱ्या हमालांपैकी एकानं सांगितलं, की ती गेली त्या पहाटे केळीच्या ट्रकच्या केबिनमध्ये एक बाई बसलेली दिसली. ड्रायव्हर मुदखेडचा होता. तासाभरात तो ठाण्यात आणला.

साहेबांनी त्याला आत घेतलं. मोठ्या आवाजात विचारलं, टेबलावर हात आपटला. ड्रायव्हर म्हणाला, मी कोणाला ओळखत नाही, कोणाला बसवलं नाही. पाऊण तास झाला. साहेब जेवायला गेले. जाताना मला म्हणाले, "तुम्ही बघा जरा."

मी त्याला काही विचारलं नाही. डबा उघडला. भाकरी, पिठलं, कांदा. अर्धी भाकरी त्याच्यापुढं केली.

"खा. सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

तो खायला लागला. माणूस जेवताना खोटं बोलायला कंटाळतो. मी म्हणाले, "मालकानं सांगितलंय ना, पॅसेंजर बसवायचा नाही म्हणून?"

त्यानं मान हलवली.

"बसवलास तर गाडीवरून काढतो?"

"लगेच काढतो, मावशी. मागच्याला काढलं."

"मी मालकाला नाही सांगत. तू मला सांग."

त्यानं घास गिळला. "पहाटे रोडला उभी होती. हातात एक पिशवी. मला म्हणली, ही गाडी वाशीला जाते का? म्या म्हणलं, न्हाई, दिल्लीला जाते. तर म्हणली, दिल्लीला खाडी हाय का? म्या हसलो. म्हणलं, बाई, तिकडं कुठली खाडी! मग म्हणली, नांदेड टेशनला सोड. सोडली. कसम घेतो मावशी, दुसरं काहीच न्हाई."

"नवरा मारतो, सासू छळते, असं काही बोलली?"

"काहीच न्हाई. खिडकीतून बघून राहिली होती नुसती. उतरताना म्हणली, आज सव्वाआठला. म्या म्हणलं, कोणती गाडी? तर पिशवी घिऊन चालाय लागली."

साहेब परत आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "याच्यावर कशाला विश्वास ठेवायचा? कदाचित हाच तो असेल, ज्याच्याबरोबर वेळा ठरत होत्या. सव्वाआठ! स्वतःच सांगतोय वेळ." ड्रायव्हरला त्यांनी दुसऱ्या बाकावर बसवला. आता माझ्यासमोर दोन बाकांवर दोन माणसं बसली होती आणि दोघांपैकी एकही खोटं बोलत नव्हता, असं मला वाटत होतं. पण वाटण्याला कागद लागतो.

मी कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. ड्रायव्हर म्हणाला होता तो दिवस बघितला. ८.१५. दुसऱ्या दिवशी ९. तिसऱ्या दिवशी ९.४५. रोज पाऊण तास पुढं. पुढं पुढं जात ११.१५ पर्यंत पोचायचं आणि परत १२.४५ पासून सुरू. महिन्यातून दोनदा असं. कुठल्या माणसाची ड्युटी अशी असते?

आमच्या वेळी प्राथमिक शाळेत पाढे फक्त तीसपर्यंत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, सगळं तोंडपाठ. मास्तर उभं करून म्हणायला लावत आणि चुकलं की छडी. मी बोट ठेवून मनात म्हणत गेले. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार. जुळत होतं, पण तारखेशी जुळत नव्हतं. मग तारखेखाली बारीक अक्षरात छापलेली तिथी दिसली. प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला बरोबर सहा. पौर्णिमा झाली की परत पहिल्यापासून, अमावास्या झाली की परत पहिल्यापासून.

ही माणसाला भेटायची वेळ नव्हती. माणूस तिथी बघून भेटायला येत नाही.

साहेबांचा नियम मोडून मी कॅलेंडर घेतलं आणि नवऱ्याच्या बाकावर जाऊन बसले. चहा त्याच्या हातात दिला आणि कॅलेंडर मांडीवर ठेवलं.

"हे काय लिहिलंय तिनं?"

त्यानं बघितलं. चहाचा कप खाली ठेवला.

"पाण्याचा टाईम हाय ह्यो."

"कसलं पाणी?"

"तिच्या खाडीचं. भरतीचा. तिथीची पाऊणपट केली की भरती कधी भरणार ते कळतंय, ती म्हणायची. तिच्या बापानं शिकिवलं होतं तिला. पाणी चढाय लागलं की होडी सोडायची अन् भरलं की परत यायचं. उशीर झाला तर पाणी निघून जातंय आन् होडी चिखलात बसतीय."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कुठं इचारलं? मला तर ह्ये दाखवलंच न्हाई."

बरोबर होतं. आम्ही विचारलं नव्हतं.

मग तो आपणहून बोलायला लागला. आठवड्यात पहिल्यांदाच. "केळीत काम करून राहिलो का, ती मधीच थांबायची. हातात विळा तसाच. म्हणायची, आत्ता भरलं. म्या पहिल्यांदा हसलो. येडी हायस का म्हणलं, हितं कुठलं पाणी? पुढं पुढं म्याच इचाराय लागलो, भरलं का गं? हाव म्हणायची. तवा आम्ही दोघं घडीभर बांधावर बसत होतो." त्यानं कप उचलला, पण प्यायला नाही. "आता ती न्हाई, तरी मला कळून राहिलंय. आज किती तिथी हाय?"

मी सांगितली. त्यानं मनात हिशोब केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

मी उठून साहेबांकडं गेले. म्हणाले, "साहेब, तिकडचे पोलीस दोनदा गेले आणि घर बंद मिळालं. ते पाण्याच्या वेळेला गेले असतील. त्या वेळेला मायलेकी होडीत असतात. मला पाठवा. पाणी भरायच्या वेळेला मी घरी जाणार नाही, होडी लागते तिथं जाऊन बसेन."

साहेबांनी कॅलेंडर हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. तेही प्रामाणिक होते. म्हणाले, "मी बी.एस्सी. आहे, बाई. मला हे दिसायला पाहिजे होतं." ड्रायव्हरला त्यांनी सोडून दिलं आणि मला परवानगी दिली.

मी, एक शिपाई आणि ओळख पटवायला नवरा, असे तिघं पनवेलच्या गाडीनं निघालो. गाव गाठलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. त्या दिवशी पंचमी. पावणेचारला पाणी भरणार.

मला पाण्याचं कौतुक नाही. पण त्या जागेचं सांगते. खाडी म्हणजे मी मोठी नदी समजत होते. मधोमध पाण्याची एक धार सोडली तर तिथं नुसता चिखल होता, काळा, मऊ, त्यात भोकं, आणि दोन्ही बाजूंना तिवरांची हिरवी झाडी, ज्यांची मुळं चिखलातून वर आलेली. झाडीतून बारीक ओढ्यासारख्या वाटा आत गेलेल्या. वास असा, की आमच्याकडच्या माणसानं नाकाला पदर लावावा. एका शेजाऱ्यानं आम्हाला खाकीत बघितलं आणि न विचारताच म्हणाला, "इथे कोनी नाय." मी म्हणाले, "बरं," आणि उलट्या घातलेल्या एका जुन्या होडीवर बसले.

मग पाणी आलं. आवाज न करता आलं. चिखलातल्या एकेका वाटेत शिरलं, भोकं भरली, झाडांच्या मुळांपर्यंत चढलं. तीन तासांपूर्वी जिथं चिखल होता तिथं पाणीच पाणी. नवरा उभा राहिला होता. मी त्याला बस म्हणाले नाही.

पावणेचारला पाच मिनिटं कमी असताना झाडीच्या वळणावरून होडी आली. लहान, दोन माणसांची. मागं म्हातारी वल्हं मारत होती. पुढं ती उभी होती, खांद्यावर पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, ओलं. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. फोटोतली बाई वेगळीच वाटत होती. फोटोत ती खांदे पाडून उभी होती.

तिनं आधी नवऱ्याला बघितलं, मग मला. होडी थांबवली नाही.

म्हातारी ओरडली, "कोन हाय ती खाकीतली? माज्या पोरीला न्यायला आली काय? आदी जाला धुऊ दे, मंग घाल बेड्या."

मी म्हणाले, "बेड्या नाही आणल्या, मावशी. कागद आणलाय."

होडी लागली. दोघींनी ती ओढली, नवऱ्यानं न सांगता पुढं होऊन हात लावला. टोपलीत बोईट मासे, थोडी कोळंबी, दोन चिंबोऱ्या म्हणजे खेकडे आणि एक मोठा जिताडा मासा. म्हातारी त्याच्याकडं बोट करून मला म्हणाली, "बघ, बाय. सहा वरसान पयल्यांदा घावलाय. माजे हात नाय चालत आता. हीच आली म्हून घावला."

नवरा-बायको समोरासमोर उभे होते. बोलायला तिनंच सुरुवात केली.

"केळी उतरली?"

"उतरली."

"आईचे गुडघे?"

"तसेच हायत." मग म्हणाला, "विहीर उपसली."

"का? गाळ काढाया?"

"तुला शोधाया."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग तिला रागच आला. "मी? विहिरीत? मी बुडेन व्हय विहिरीत? येवढं तरी सांगायचं व्हतंस त्यांना!"

नवरा पहिल्यांदा हसला. तीही हसली, आणि मग दोघांनी एकदमच दुसरीकडं बघितलं.

त्याच उलट्या होडीवर बसून मी जबाब घेतला. मी विचारलं, मारहाण, छळ, उपासमार? "न्हाई," म्हणाली. सहा वर्षांत तिची जीभ आमच्याकडची झाली होती.

"मग न सांगता का आलीस?"

"सांगितलं होतं. चार वर्षं सांगून राहिले. दर वेळेला म्हणायचा, येवढी केळी उतरू दे, मग जाऊ. ती उतरली की दुसरी लागायची. मग शेजाऱ्यानं फोन केला, आईची बोटं वळत नाहीत, होडी विकाया काढली. होडी गेली असती तर मला परत यायला जागाच राहिली नसती. सांगून निघाले असते तर त्यानं अडवलं नसतं, पण तोंड असं केलं असतं की मीच थांबले असते."

"आता येणार का परत?"

तिनं खोचलेली साडी सोडून पिळली. मग म्हणाली, "तिथं मला जेवण होतं, झोप होती, माणसं चांगली होती. पण रोज त्या टायमाला हातातलं काम सुटायचं. मला वाटलं, म्हातारी होईपर्यंत केळीत असंच उभं राहायचं का? न्हाई येत, बाई. तुम्ही लिहा, मी माझ्या मर्जीनं आले आणि माझ्या मर्जीनं राहते."

लिहिलं. वाचून दाखवलं. तिनं सही केली. साहेबांना फोन लावला तर ते म्हणाले, घेऊनच या, इथं हजर करा. मी म्हणाले, बाई सज्ञान आहे, येत नाही म्हणते, जबाब घेतलाय, जबरदस्ती करता येत नाही. "नवरा काय म्हणतो?" त्यांनी विचारलं. मी बघितलं. नवरा जाळं धुऊ लागत होता. "काही नाही म्हणत," मी सांगितलं.

लग्न झाल्यावर माहेरी मी किती वेळा गेले, ते बोटांवर सांगता येईल. का गेले नाही, हे मला कोणी विचारलं नाही, मीही कोणाला सांगितलं नाही. जबाबाखाली माझी सही करताना हे उगाच आठवलं. सही करून कागद पिशवीत घातला.

रात्री पनवेलला गाडी आली. नवऱ्यानं माझी पिशवी वर ठेवून दिली आणि "पाणी आणतो" म्हणून खाली उतरला. गाडी सुटायच्या वेळेला तो खिडकीशी आला, पाण्याची बाटली आत दिली, पण चढला नाही.

मी ओरडले, "अरे चढ की! गाडी सुटली."

"तुम्ही जा, बाई. आईला सांगा."

"काय सांगू?"

"ते तुम्हीच बघा."

गाडी हलली. तो तिथंच उभा राहिला.

ठाण्यात साहेब म्हणाले, "वा बाई! एक मिसिंग बंद करायला गेलात आणि दुसरी करून आलात." सगळं ठाणं हसलं. शर्ट परत करायचा होता, तो घ्यायलाही माणूस नव्हता. पुढं त्यानं रान भावकीत बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं दिलं. लागवडीला आणि केळी उतरायला येतो, बाकी वर्षभर तिकडं असतो असं ऐकलं. कधी ती बरोबर येते, कधी येत नाही.

नोकरीत मी माणसं शोधायला शिकले. गेलेला कुठं गेला असेल, कोणाकडं गेला असेल, कशाच्या ओढीनं गेला असेल, हे मला पुढं पुढं बऱ्यापैकी कळायला लागलं. पण मिसिंगचा कागद गेलेल्या माणसाचा असतो. आम्ही त्याला शोधतो, जबाब घेतो, फाईल बंद करतो. त्या फाईलमध्ये मागं राहिलेल्या माणसाला फक्त 'खबर देणार' असं नाव असतं. या प्रकरणानंतर मी कुठल्याही मिसिंगला गेले की आधी घरात मागं कोण उरलंय ते बघायला लागले. त्यानं तपास लवकर लागला असं नाही.

मी परत आल्याच्या तिसऱ्या दिवशी सासू ठाण्यात आली. एकटीच. पायऱ्या चढायला तिला वेळ लागला. माझ्या टेबलासमोर बसली.

"माझ्या लेकाची मिसिंग लिहून घे, माय."

"तुमचा मुलगा हरवलेला नाही. परवाच घरी येऊन सांगितलं, कुठं आहे ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे."

"मला तर दिसून न्हाई राहिला."

"दिसत नाही म्हणजे हरवला असं कायद्यात नाही, मावशी."

"सुनंची लिहिली होतीस की."

"ती कुठं होती ते माहीत नव्हतं म्हणून लिहिली."

तिनं टेबलावरच्या रजिस्टरांकडं बघितलं. मिसिंगचं होतं, अदखलपात्रचं होतं, आवक-जावकचं होतं, स्टेशन डायरी होती.

"येवढ्या वह्या हायत. मग माझं कशात लिहितीस?"

मी चहा मागवला. तो तिनं घेतला नाही. गावाकडची शेवटची एसटी यायच्या वेळेपर्यंत ती बाकावर, जिथं तिचा मुलगा तीन दिवस बसला होता तिथंच, गुडघ्यांवर हात ठेवून बसून होती. मग उठली आणि गेली.

ठाण्यात आलेल्या प्रत्येक माणसाची नोंद करायची असते. मी डायरी ओढली आणि लिहिलं: एक वृद्ध महिला ठाण्यात येऊन बसली व निघून गेली. तक्रार काही नाही.